खांद्यात सुई टोचली, बरं वाटलं, पण कशामुळे?

घरात तुम्ही एकटेच पीएचडीच्या वाटेला लागला असाल, तर असा फोन कधी ना कधी येतोच. मावशीचा खांदा दोन वर्षं दुखतोय. पाठीमागचे हूक लावता येत नाहीत, वरच्या फळीवरचा डबा निघत नाही, त्या कुशीवर वळलं की रात्री जाग येते. एक्स-रे काढला, ‘गादी झिजलीये’ असं सांगितलं. आता एक डॉक्टर स्टेरॉइड म्हणतात, दुसरे वंगणाचं इंजेक्शन, तिसरे पीआरपी. ‘तुला तर हे सगळं वाचता येतं ना, मग सांग, कुठलं घेऊ?’

तुमचा विषय भूगोल असला तरी सुटका नाही! आणि खरं सांगायचं तर संशोधनाचा पेपर वाचायला शिकण्यासाठी यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या: दुखणं नेमकं कशाचं? खांद्याची झीज, आखडलेला खांदा (ज्याला सगळे फ्रोझन शोल्डर म्हणतात) आणि रोटेटर कफ, म्हणजे खांद्याभोवतीच्या स्नायूबंधांचा त्रास, ही तीन वेगळी दुखणी आहेत. रुग्ण तिन्हींत ‘खांदा धरलाय’ एवढंच म्हणतो. एकाच्या अभ्यासातला निष्कर्ष दुसऱ्याला लावला की पुढचं सगळं वाचन वाया.

आता वंगणाच्या इंजेक्शनकडे वळू. यात हायलुरोनिक ॲसिड असतं. सांध्यातल्या द्रवात ते मुळात असतंच, झीज झाल्यावर ते पातळ होतं, म्हणून बाहेरून भरायचं, अशी कल्पना. ऐकायला एकदम पटते. 2013 मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. खांद्याची झीज असलेले 300 रुग्ण घेतले, काहींना खरं औषध दिलं, काहींना नुसतं सलाईनसारखं द्रावण. कोणाला काय मिळालं हे रुग्णालाही माहीत नाही, मोजणाऱ्यालाही नाही. दुखणं 100 मिलीमीटरच्या पट्टीवर मोजलं. 26 आठवड्यांनी औषधाच्या गटात दुखणं सुमारे 20 मिमीने कमी झालं.

इथेच थांबून पेपर मिटलात, तर मावशीला ‘घे’ म्हणाल. पण शेजारचा रकाना वाचा. सलाईनच्या गटातही दुखणं सुमारे 16 मिमीने उतरलं होतं! म्हणजे औषधाच्या नावावर जमा होतात ते फक्त चारेक मिमी, आणि सगळे रुग्ण धरून केलेल्या विश्लेषणात तेवढा फरक योगायोगानेही पडू शकला असता. रोटेटर कफच्या रुग्णांवरून काढलेला, ‘रुग्णाला फरक जाणवतो’ अशा बदलाचा एक आकडा वापरात आहे: 14 मिमी. चार त्याच्या जवळपासही नाही.

मग ते 16 मिमी आले कुठून? माणूस डॉक्टरकडे किंवा चाचणीत जातो तो दुखणं जोरात असताना. असं दुखणं चढतं-उतरतं. शिखरावर मोजलं की पुढचं माप बहुधा खालीच येणार. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. त्यात सुई, डॉक्टरांचं लक्ष, अपेक्षा आणि जोडीला चालू असलेल्या गोळ्या-व्यायाम. यातलं काहीच खोटं नाही. मावशीच्या शेजारणीला बरं वाटलं ते खरंच वाटलं. फक्त त्याचं श्रेय बाटलीतल्या द्रवाला द्यायचं का, एवढाच प्रश्न.

याच पेपरमध्ये आणखी एक शिकण्यासारखं आहे. काही रुग्ण बाजूला काढून पुन्हा हिशेब केल्यावर फरक ‘लक्षणीय’ झाला. असं विश्लेषण पुढच्या अभ्यासासाठी प्रश्न म्हणून ठीक, उत्तर म्हणून नाही. सिनॉप्सिसमध्ये असले निकाल पुरावा म्हणून टाकू नका, व्हायवात पहिला प्रश्न तोच येईल. पुढे 2020 मध्ये अमेरिकेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेने खांद्याच्या झिजेत हायलुरोनिक ॲसिडचा फायदा नाही असं मार्गदर्शक सूचनांत नोंदवलं, आणि त्यामागचा पुरावा भक्कम ठरवला.

पीआरपीचं काय? रुग्णाचंच रक्त घेऊन, यंत्रात फिरवून, प्लेटलेट जास्त असलेला भाग सांध्यात सोडतात. इथे मोठा पुरावा गुडघ्यावरचा आहे. ऑस्ट्रेलियातल्या 288 जणांच्या चाचणीत (2021) वर्षभरानंतर दुखणं दहापैकी 2.1 ने कमी झालं, सलाईनने 1.8 ने. गुडघा म्हणजे खांदा नव्हे, हे मान्य. पण हाच नियम दोन्ही बाजूंना लागतो. गुडघ्यातलं अपयश खांद्याला थेट चिकटवता येत नसेल, तर गुडघ्यातल्या यशाच्या जाहिरातीही चिकटवता येत नाहीत. हजारो रुपये मागणाऱ्याने खांद्याचा पुरावा दाखवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिलं स्टेरॉइड. ते सूज कमी करतं, आराम मिळाला तर तो काही आठवड्यांचा. झीज भरून येत नाही. गुडघ्यावरच्या 2017 च्या एका चाचणीत 140 जणांना दर 12 आठवड्यांनी, दोन वर्षं, स्टेरॉइड किंवा सलाईन दिलं. दुखण्यात फरक नाही, उलट स्टेरॉइडच्या गटात कूर्चा जास्त झिजली. म्हणून ‘एकदा घेणं’ आणि ‘घेत राहणं’ हे दोन वेगळे प्रश्न समजा. रात्रीची झोप उडालीये, व्यायाम सुरूच करता येत नाहीये, अशा वेळी एखादं इंजेक्शन डॉक्टरांशी बोलून घेणं मला समजू शकतं.

मावशीला फोन कराल तेव्हा तीन गोष्टी विचारायला सांगा. मधुमेह असेल तर स्टेरॉइडनंतर काही दिवस साखर वाढते, तेव्हा औषधाचं काय करायचं? खांद्याचा मुख्य सांधा खोल असतो, तर सुई सोनोग्राफीत बघून देणार की अंदाजाने? आणि सांधा बदलायचं ऑपरेशन तीन महिन्यांत ठरत असेल, तर त्याआधी हे इंजेक्शन नको ना? कारण त्या काळात घेतल्यास जंतुसंसर्गाचा धोका वाढलेला दिसतो, आणि ऑपरेशनची तारीख पुढे ढकलावी लागू शकते.