बोटावरचा आकडा आणि कोर्टातला साक्षीदार

२०२१ सालच्या कोरोनाच्या लाटेत आमच्या बहुतेक वाचकांनी बोटाला तो लहानसा चिमटा लावून पाहिला असेल. लाल दिवा पेटायचा, ९७ किंवा ९५ असा आकडा यायचा, आणि आकडा ९० च्या खाली गेला की घरात धावपळ उडायची. त्या चिमट्याचे नाव पल्स ऑक्सिमीटर. सुई टोचायची नाही, रक्त काढायचे नाही. मग रक्तातला प्राणवायू त्याला कळतो कसा? हे कोर्टात उभे राहून समजावून सांगणे परदेशात काही इंजिनियरांचा व्यवसायच झाला आहे. त्यांना तज्ज्ञ साक्षीदार म्हणतात.

आपल्याकडे बांधाचा तंटा कोर्टात गेला की मोजणीदाराची साक्ष होते. न्यायाधीशांना कायदा ठाऊक असतो, पण साखळी आणि नकाशा मोजणीदारालाच कळतो. तसेच हे. आपल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम ४५ तज्ज्ञांच्या मताविषयी होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ३९ त्याच्या जागी आले. मात्र तज्ज्ञ बोलला म्हणून कोर्टाने ते मानलेच पाहिजे असे नाही. अमेरिकेत प्रत्येक पक्ष आपापला तज्ज्ञ पैसे देऊन आणतो, आणि समोरचा वकील त्याची उलटतपासणी घेतो. त्याने वापरलेली पद्धत भरवशाची आहे की नाही हे न्यायाधीशाने आधी पारखावे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली ठरवून दिले.

आता चिमट्याकडे वळू. त्यातून दोन प्रकारचे उजेड बोटात शिरतात, एक लाल आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा. प्राणवायू भरलेले रक्त लाल उजेड बराचसा जाऊ देते, प्राणवायू कमी असलेले रक्त तो जास्त शोषते. पण बोटात हाड, मांस, कातडी सगळेच उजेड अडवतात. जपानमधील ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली युक्ती मांडली ती अशी: प्रत्येक ठोक्यासरशी जो उजेड किंचित कमीजास्त होतो तेवढाच मोजा, कारण ते धमनीतले ताजे रक्त. बाकीचे स्थिर असते ते सोडून द्या.

हात हलला की मात्र हे गणित बिघडत असे, कारण शिरांतले रक्तही डुचमळते. कॅलिफोर्नियात १९८९ साली निघालेल्या मासिमो कंपनीने त्यावर तोड काढली. नेलकोर या जुन्या कंपनीने आपली पेटंटे मोडली असा तिचा दावा होता. तो २००६ साली मिटला आणि मासिमोला ३३ कोटी डॉलर मिळाले. पुढे मनगटी घड्याळांतही असे सेन्सर आले. अॅपल कंपनीच्या काही घड्याळांची आयात थांबवावी, असे अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरवले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ज्यूरीने मासिमोला ६३ कोटी ४० लाख डॉलर भरपाई मंजूर केली. अशा खटल्यांत तज्ज्ञ यंत्र उघडतो, आतली जोडणी व हिशेब वाचतो आणि पेटंटातल्या एकेका वाक्याशी ताडून पाहतो. ज्यूरीत बसतात सामान्य नागरिक. त्यांना कळेल असे बोलावे लागते. हे काम सोपे नव्हे.

आम्हाला मात्र डॉलरांपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. चिमटा प्राणवायू थेट मोजत नाही. दोन उजेडांचे प्रमाण काढून तो आतल्या कोष्टकात आकडा शोधतो, आणि ते कोष्टक निरोगी माणसांचे रक्त तपासून बनवलेले असते. त्यांत काळ्या कातडीची माणसे थोडी होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली घातलेली अट पाहा: चाचणीला निदान दहा माणसे, त्यांतली गडद वर्णाची निदान दोन! मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी डिसेंबर २०२० मध्ये दाखवले की चिमटा ९२ ते ९६ सांगत असताना रक्तातला खरा आकडा ८८ च्या खाली असण्याचा प्रकार गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के वेळा आढळला. उन्हात राबणाऱ्या आपल्या माणसांनी हे ध्यानात घ्यावे. आकडा ९४, पण धाप लागली आहे, ओठ निळसर झाले आहेत, तर आकडा बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. मोजताना हात गार नसावा, नखाला रंग नसावा, आणि बोट थोडा वेळ स्थिर धरावे.

आणखी एक. विहिरीत उतरवलेल्या डिझेल किंवा रॉकेलच्या इंजिनाचा धूर खाली साचतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताला चिकटला की साधा चिमटा त्यालाच प्राणवायू समजतो. माणूस बेशुद्ध पडत असतानाही तो ९८ दाखवू शकतो. अशा माणसाला प्रथम मोकळ्या हवेत आणावे, पण दोर आणि वर माणसे असल्याशिवाय त्याच्यामागे कुणीही खाली उतरू नये. दवाखान्यात नेल्यावर 'इंजिनाचा धूर लागला' हे डॉक्टरांना आधी सांगावे, म्हणजे ते चिमट्यावर न थांबता रक्त काढून तपासतील.