सही करण्याआधी मशीनकडे पाहा

बारामती एमआयडीसीत सकाळच्या पाळीला इंदापूर तालुक्यातून बरीच मुले येतात. कोणी आयटीआय झालेला, तर कोणी बारावीनंतर थेट कामाला लागलेला. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या अशाच एका लहान कारखान्यात आम्ही काही वर्षे कारकुनी केली. तेथे एका मुलाच्या उजव्या हाताची दोन बोटे मिलिंग मशीनमध्ये गेली. त्याची आई दवाखान्यात आम्हाला विचारत होती, "भाऊ, पोराला दळणाच्या गिरणीवर कशाला ठेवलं होतं?"

मिलिंग मशीन म्हणजे पिठाची गिरणी नव्हे. लोखंडाचा जॉब व्हाइसमध्ये आवळतात आणि फिरणारा दातेरी कटर त्याला तासतो. कटरपाशी कीस साचतो. काम थांबू नये म्हणून पोरे तो चालू मशीनवर हाताने सारतात, तेही हातमोजा घालून. कटर मोजा पकडतो आणि मोजा हाताला ओढून नेतो.

आम्ही वाणिज्य शाखेचे. हिशेब मांडून पाहिला. कटर मिनिटाला ३०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५ फेरे झाले. कटरला आठ दाते धरले, तर एका सेकंदात ४० दाते बोटावरून जातात. माणसाला धोका कळून हात मागे घ्यायला पाव सेकंद तरी लागतो. तेवढ्यात दहा दाते फिरून गेलेले असतात. म्हणून मशीनला गार्ड लागतो. नुसती सावधगिरी पुरत नाही.

अपघातानंतर आम्ही रोजच्या तपासणीचा तक्ता काढला. त्या दिवशीही "गार्ड – ठीक" अशी नोंद होती. गार्ड तर महिनाभर कोपऱ्यात पडलेला! आठवड्याच्या सहाही खुणा एकाच पेनाने, एकाच बैठकीत केलेल्या. खाली सही त्याच मुलाची. आणि तो कागद न वाचता फाइलला लावणारे आम्हीच होतो. पुढे भरपाईची वेळ आली तेव्हा मालकांनी तीच सही पुढे केली. कामगाराने जाणूनबुजून गार्ड काढला असे ठरले, तर अशा दुखापतीत भरपाई नाकारता येते. त्या माउलीला दीड वर्ष हेलपाटे घालावे लागले.

म्हणून बांधवांनो, पाळीच्या सुरुवातीला पाच मिनिटे मशीनला द्या. गार्ड जागेवर आहे का? लाल बटण दाबल्यावर मशीन खरोखर थांबते का? कटर आणि जॉब घट्ट आवळले आहेत का? पायाखाली तेल सांडले आहे का? नव्या व्हीएमसी मशीनचे दार उघडताच ते थांबले पाहिजे. तेथे तार किंवा चुंबक लावून मशीनला फसवू नका. मोजा आणि सैल बाही नको. कीस काढायचा तो मशीन बंद करून, ब्रशने. जे बिघडले आहे त्यापुढे "नाही" असेच लिहा, तारीख टाका आणि प्रत जवळ ठेवा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना, १९४६ साली, कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. थकलेला हात चुकतो, हे ओव्हरटाइम करणाऱ्याला वेगळे सांगायला नको. १९४८ च्या कारखाने कायद्याने यंत्राच्या धोकादायक भागांना संरक्षक आवरण सक्तीचे केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता आली आहे. तिच्यातही सुरक्षेची माहिती मागण्याचा आणि धोका दिसल्यास मालकाला व निरीक्षकाला कळवण्याचा हक्क कामगाराला आहे. नेमणूकपत्र देणेही बंधनकारक आहे. ते मागून घ्या. कंत्राटी मुलांनी तर नक्कीच. आपल्याकडे हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहते.

माता-भगिनींनाही एक विनंती. पोरगा कामावरून आला की पगाराचे विचारतो, तसे एकदा हेही विचारा : "तुझ्या मशीनला गार्ड आहे का रे?" त्या मुलाच्या घरी हे कोणीच विचारले नव्हते. कचेरीत बसून आम्हीही विचारले नाही.