कंपायलर चुकतो तेव्हा

प्रोग्राम अडला की आमची मुले कंपायलरला दोष देतात. बहुधा चूक आपलीच असते! पण १९८७ साली आलेला जीसीसी हा मुक्त कंपायलरसुद्धा क्वचित चुकतो आणि लोकांच्या तक्रारींवरूनच सुधारतो. सीमाभागातील आमच्या मुलांना इंग्रजीत तक्रार लिहिण्याचा संकोच वाटतो. दहा ओळींचा नेमका नमुना जोडला, तर इंग्रजी फारशी लागत नाही.

मूळ प्रोग्रामची प्रत ठेवून निम्म्या ओळी काढाव्यात. तीच चूक पुन्हा दिसली, तर त्या ओळींचा संबंध नाही. न दिसल्यास त्या परत घालून दुसऱ्या काढाव्यात. चूक 'तीच' हवी. नवीनच उद्भवली तर शोध भलतीकडे जातो. एकही ओळ काढता येईना, की थांबावे. अमेरिकेतील युटा विद्यापीठाचा सी-रिड्यूस हे काम आपोआप करतो. तरी मुलांनी आधी हातानेच करावे, असे आम्हांस वाटते. सोबत कंपायलरची आवृत्ती व दिलेली आज्ञा जशीच्या तशी लिहावी.