भुजंगधारीतला महास्फोट आणि खोडदची साक्ष

मे महिन्यात मध्यरात्रीच्या सुमारास अकोटहून दक्षिणेकडे पाहिले, की वृश्चिक राशीतला तांबूस तारा ज्येष्ठा ठळक दिसतो. त्याच्या वरच्या अंगाला भुजंगधारी हा तारकासमूह पसरलेला आहे. याच दिशेला, सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षे दूर, लाखो अब्ज सूर्यांचा ऐवज बाळगणारा दीर्घिकांचा एक प्रचंड समूह आहे. नुसत्या डोळ्यांना मात्र तो दिसत नाही.

या समूहाच्या मध्यभागी एक भलीमोठी लंबवर्तुळाकार दीर्घिका आहे. अशा दीर्घिकांत नवे तारे फारसे जन्मत नाहीत. कच्च्या मालाची तर वाण नाही. समूहभर कोट्यवधी अंश तापलेला वायू भरलेला असतो. तो निवला, की त्यातून तारे घडायला हवेत. मग अडते कुठे?

अडवते ते दीर्घिकेच्या केंद्रातले कृष्णविवर. त्याच्याकडे ओढला जाणारा सगळाच वायू आत जात नाही. काही पदार्थ झोतांच्या रूपाने बाहेर फेकला जातो. हे झोत भोवतालच्या वायूत पोकळ्या पाडतात आणि त्याला निवू देत नाहीत.

२०१६ मध्ये ‘चंद्रा’ या क्ष-किरण दुर्बिणीच्या नोंदींत या समूहातील वायूला एक विचित्र वक्र कड आढळली. ती पोकळीची भिंत असेल का? तेवढ्या पोकळीला लागणारी ऊर्जा इतकी अफाट होती, की संशोधकांनी ती शक्यता बाजूला ठेवली.

पुढे रेडिओ दुर्बिणींच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांत एक ऑस्ट्रेलियातली होती आणि दुसरी आपल्या पुणे जिल्ह्यातली, नारायणगावजवळच्या खोडदची ‘जीएमआरटी’. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरलेली ही दुर्बीण डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. कडेला लागूनच रेडिओ लहरी सोडणारा पदार्थ भरलेला दिसला. म्हणजे ती पोकळीच होती!

२७ फेब्रुवारी २०२० रोजी हा निष्कर्ष जाहीर झाला. आपल्या १५ आकाशगंगा ओळीने मावतील एवढी ती पोकळी आहे. आधीच्या विक्रमी स्फोटाच्या पाचपट ऊर्जा इथे लागली होती.

भिंत क्ष-किरणांत दिसली, आतला ऐवज रेडिओ लहरींत. एका साक्षीवर जे पटले नव्हते, ते दुसरीने पटवले. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. शाळेच्या सहलीसाठी शिक्षकांनी ते जरूर ध्यानात ठेवावे.