ताप लपवू नका, नोंदवा



मृगाचा पाऊस पडला की आपण बियाणे, खत, मजुरी यांचा हिशोब वहीत मांडतो. कोणत्या खाचरात किती भात आले, हे पाच वर्षांनीही अचूक सांगतो. पण गेल्या पावसाळ्यात आपल्या गावात तापाने किती जण आजारी पडले, असे कोणी विचारले तर आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू. पिकाचा हिशोब चुकला तर एक हंगाम जातो. रोगाचा चुकला तर माणूस जातो. हे सुरत शहराने १९९४ साली अनुभवले.

सुरतचा धडा

त्या वर्षी प्लेगची पहिली वर्दी महाराष्ट्रातून आली. सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर बीड भागातील लोक भीतीने घराबाहेर राहू लागले. आत साठवलेले धान्य उंदरांना मोकळे मिळाले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात उंदीर मरून पडू लागले, पिसवा वाढल्या आणि महिनाअखेरीस गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने माणसे दगावू लागली. तापीच्या पुराने आधीच शहरात चिखल व कचऱ्याचे ढीग साचले होते.

मग एकच पळापळ झाली. काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. यंत्रमागावर काम करणारे खानदेशातील कितीतरी मराठी लोकही त्यांत होते. टेट्रासायक्लीनच्या गोळ्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. मृतांचा आकडा ज्याच्या त्याच्या तोंडी निराळा. प्रत्यक्षात देशभरातील मृत्यू पन्नासच्या थोडे वर भरले. पण खरा आकडा वेळेवर हाती नव्हता, म्हणून अफवेचे फावले. जिथे नोंद नसते, तिथे भीती राज्य करते.

१९९५ साली एस. आर. राव हे सुरतचे महापालिका आयुक्त झाले. त्यांनी शहराचे सहा विभाग केले व अधिकाऱ्यांना रोज सकाळी वस्त्यांत पाठवले. कचरा उचलला जाऊ लागला. त्याबरोबर आणखी एक काम झाले, ज्याची फारशी वाहवा झाली नाही: कोणत्या वस्तीत किती तापाचे, किती जुलाबाचे रुग्ण, याची रोज नोंद होऊ लागली. आकडा चढलेल्या वस्तीत पाणी, गटार व डास यांची तपासणी होई. १९९६ मध्ये त्याच सुरतेची गणना देशातील दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर म्हणून झाली.

भातखाचरातला ताप

हा प्रश्न केवळ शहराचा नाही. सुरत, नवसारी, वलसाड, तापी या भागांत भात व ऊस पिकवणाऱ्यांना पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस गाठतो. मुंबईतही जुलै २००५ च्या महापुरानंतर या रोगाने बळी घेतले. उंदीर व गुरे यांच्या मूत्रातून त्याचे जंतू पाण्यात व चिखलात उतरतात आणि भेगाळलेल्या टाचा, जखमा यांतून अंगात शिरतात. बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांनी अकस्मात ताप येतो, पोटऱ्या विलक्षण दुखतात, डोळे लाल होतात. पुढे कावीळ होते, लघवी कमी होते, क्वचित खोकल्यातून रक्त पडते. लवकर उपचार झाले तर रोगी बहुधा बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडे व फुप्फुसे निकामी होतात.

आता विचार करा. गावात एका घरी ताप आला, तो बाजारातल्या डॉक्टरांकडून सुई घेऊन परतला. दुसऱ्या घरच्याने भगताला दाखवले. तिसरा अंगावर काढत राहिला. तिघांचा रोग एकच, पण तीन ठिकाणी विखुरलेला. एकत्र मोजला असता तर पथक गावात आले असते. चौथा दगावल्यावर आले, तर बैल गेला नि झोपा केला.

नोंद पुढे कशी जाते?

यासाठीच २००४ साली केंद्र सरकारने एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू केला. त्यात तीन प्रकारची नोंद होते. आरोग्यसेविका लक्षणे लिहिते, डॉक्टर आपले निदान लिहितात आणि प्रयोगशाळा तपासणीचा निकाल लिहिते. पूर्वी हे कागद आठवड्याने जिल्ह्याला जात. २०२१ पासून देशभर संगणकावर ही माहिती भरली जाते. परंतु यंत्र कितीही चांगले असले तरी त्यात पहिला आकडा आपल्याच ओसरीवरून जातो. आपण सांगितले नाही, तर संगणकही शून्यच दाखवणार. तसेच, ज्यांच्याकडे आकडे जातात त्यांनी गावाला उत्तर दिले पाहिजे. नुसते तक्ते भरून कोणाचा ताप उतरत नाही. तेव्हा ग्रामसभेत विचारा: आमच्या गावाचा आकडा काय, आणि त्यावर काय केले?

आपण काय करावे?

१. ताप आला की आशाताईंना किंवा आरोग्यसेविकेला त्याच दिवशी कळवा. खाजगी डॉक्टरांकडे गेलात तरी कळवा.

२. डॉक्टरांना आवर्जून सांगा, "मी चिखलात काम करतो." एवढ्या एका वाक्याने निदानाची दिशा बदलते.

३. लावणीच्या वेळी शक्य तर गमबूट घाला. जखमेवर पट्टी बांधा, काम संपताच पाय साबणाने धुवा.

४. साथीच्या भागात आरोग्य खाते डॉक्सीसायक्लीनच्या गोळ्या आठवड्यातून एकदा देते. त्या सांगितल्याप्रमाणेच घ्या. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांना डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून देऊ नका.

५. उंदीर पटापट मरून पडू लागले, तर हात लावू नका; आरोग्य केंद्राला खबर द्या. मामल्यातही आधी उंदीरच मेले होते.

६. घरी मृत्यू झाला तर एकवीस दिवसांच्या आत नोंदवा आणि मृत्यूचे कारण लिहून घ्या.

ही नोंद कोणाचे नाव चव्हाट्यावर मांडण्यासाठी नसते. आपल्या घरातला ताप वेळेवर सांगितला, तर शेजाऱ्याचे लेकरू वाचू शकते. या पावसाळ्यात बियाण्याच्या वहीत शेवटी एक कोरे पान राखून ठेवा. वर लिहा: "घरात कोणाला, कधी ताप आला." त्या पानाचा उपयोग होण्याची वेळ न येवो, पण आली, तर ते भरलेले असो.