नव्या गाडीतली खडखड

एस.टी.च्या गाडीत तुम्ही खिडकीजवळ बसला आहात. गाडी स्थानकात उभी आहे, पण इंजिन चालू आहे. तुमच्या शेजारची काच अशी थडथडते आहे की, बोललेले ऐकू येऊ नये. कंडक्टर घंटी देतो, ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतो, आणि गंमत पाहा! इंजिनाचा आवाज वाढतो, पण काच मात्र गप्प होते. असे का बरे व्हावे?

झोपाळ्याला झोका देताना तुम्ही तो मागे येण्याची वाट पाहता. त्याच्या लयीत दिलेल्या हलक्या धक्क्यांनीही झोका उंच जातो; भलत्या वेळी दिलेला जोराचा धक्का वाया जातो. प्रत्येक वस्तूला कंप पावण्याची स्वतःची अशी एक लय असते. तिला नैसर्गिक वारंवारता म्हणतात. बाहेरचे धक्के नेमके त्याच लयीत बसू लागले की कंपन वाढत जाते. हेच अनुस्पंदन. सहा सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 600 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 30 स्फोट होतात. सैल बसलेल्या काचेची लय या 30 च्या आसपास असली की ती वाजू लागते. फेरे वाढले की लय चुकते आणि काच शांत होते.

आता एका वेगळ्याच गाडीत बसू. समजा, तुमचे मामा छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, राहतात. वाहने बांधणारे हे शहर. चिकलठाण्याला एस.टी.ची कार्यशाळा आहे, वाळूजला 1985 मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला, शेंद्र्याला 2001 पासून स्कोडाच्या आणि 2007 पासून ऑडीच्या मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. अशा शहरात मामांनी एक नवी कोरी स्पोर्ट्‌स कार घेतली आणि आठवड्याभरात ती खडखडू लागली. एवढे पैसे मोजून एस.टी.चाच आवाज! मामा वैतागले. डॅशबोर्ड उघडायचाच, असे त्यांनी ठरवले आहे.

त्यांना थांबवा. डॅशबोर्ड डझनावारी खुंट्या आणि खटक्यांनी बसवलेला असतो. एकदा उघडला की एखादी खुंटी ढिली होते, आणि एका आवाजाचे दोन होतात. शिवाय आवाज तिथूनच येतो हे कशावरून? डाव्या आणि उजव्या कानांत आवाज पोहोचण्याच्या वेळेत जो किंचित फरक पडतो, त्यावरून आपल्याला दिशा कळते. हा फरक फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा असतो. मोटारीत काचांवरून आवाज परावर्तित होतो आणि कान सहज फसतात.

म्हणून आवाज कुठून येतो हे विचारण्याआधी तो केव्हा येतो हे विचारा. गाडी मामांनी चालवायची, वही घेऊन शेजारी तुम्ही बसायचे. चालवणाऱ्याने आवाज शोधत बसू नये. त्याचे लक्ष रस्त्यावरच हवे.

दौलताबादच्या घाटात चढताना खडखड होते. तुम्ही नोंदता : तिसऱ्या गिअरमध्ये ती एका वेगाला येते, चौथ्यामध्ये अधिक वेगाला, पण दोन्ही वेळा इंजिनाचे फेरे मात्र 2400 च. म्हणजे चाके आणि रस्ता निर्दोष ठरले! खात्री करायची तर मोकळ्या जागी, गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून, मामांना फेरे 2400 पर्यंत न्यायला सांगा. खडखड झाली, तर इंजिनावर शिक्कामोर्तब. मिनिटाला 2400 म्हणजे सेकंदाला 40 फेरे. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला 80 धक्के. ही लय कोणाची?

गॅरेजमध्ये गाडी उचलून, ती थंड झाल्यावर, मेकॅनिक खालचे भाग एकेक करून ठोकून पाहतो. (जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्वतः कधीही शिरू नका.) सायलेन्सरच्या नळीवरचा पातळ पत्रा झणझणतो. नळीच्या उष्णतेपासून गाडीचा तळ वाचवणारा हा पत्रा. त्याचा एक स्क्रू निसटला आहे. आवाज डॅशबोर्डमागून येतोय असे वाटत होते, आणि चोर तर गाडीच्या पोटाखाली! स्क्रू आणि रुंद वॉशर बसवला की पत्रा ताठ होतो, त्याची लय 80 च्या बरीच वर जाते, आणि झणझण थांबते. दुर्लक्ष केले असते, तर एक दिवस पत्रा रस्त्यावर पडला असता, कदाचित मागच्या दुचाकीपुढे.

दुसरी टकटक निराळी. ती थंडीच्या सकाळी, खराब रस्त्यावर येते आणि दुपारी नाहीशी होते. वहीत वेळ लिहिली नसती, तर हे कळले असते का? तापमान वाढले की प्लॅस्टिक पोलादाच्या कित्येक पट प्रसरण पावते. 40 अंशांच्या फरकाने पोलादाची एक मीटर पट्टी जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते, प्लॅस्टिकची दोन ते चार मिलिमीटर. दुपारी उन्हात तापलेली गाडी म्हणूनच गप्प असते : फट बुजलेली असते. सकाळी प्लॅस्टिक आकसते, फट पडते आणि दोन भाग एकमेकांवर आपटतात. त्यात स्पोर्ट्‌स कारच्या स्प्रिंगा ताठ आणि टायर बुटके. वळणावर गाडी कलू नये म्हणून तशी रचना असते, पण त्यामुळे प्रत्येक खड्डा आतपर्यंत पोहोचतो.

तुम्ही एकेका भागावर तळहात दाबून पाहा. डावीकडच्या कप्प्याचे झाकण दाबले आणि टकटक थांबली, तर जागा सापडली. झाकणाच्या कडेला फेल्टची पातळ पट्टी चिकटवा. फेल्ट आपटण्याची ऊर्जा आपल्या तंतूंमध्ये शोषून तिची उष्णता करतो. एका वेळी एकच बदल करा. तीन ठिकाणी पट्ट्या लावल्यात, तर कोणती कामी आली हे कधीच कळणार नाही.

आवाज खडखडीऐवजी करकरीचा असेल, तर मात्र फटीचा दोष नाही. फळ्यावर खडू जसा अडकत-सुटत करकरतो, तसे दोन पृष्ठभाग एकमेकांना घासत असतात. मध्ये कापडी पट्टी घाला. रबर असेल तर सिलिकॉन ग्रीस लावा. साधे तेल नको, रबर फुगते.

दोन्ही आवाज बंद झाले की मामा म्हणतील, "अरे, आता तिसराच ऐकू येतोय!" तो पहिल्यापासूनच होता, मोठ्या आवाजाखाली झाकला गेला होता. विजेवर चालणाऱ्या मोटारींत इंजिनाचा आवाजच नसल्याने बारीक टिकटिकही उघडी पडते, ती याच कारणाने. वही उघडा आणि मामांना आधी दाराच्या खणातला चष्म्याचा डबा बाहेर काढायला सांगा.