गेज, त्याची पहार आणि पुढची बारा वर्षं

खडकात भोक पाडायचं, दारू भरायची, वर वाळू टाकायची आणि मग पहारीने ठासायचं. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, कॅव्हेंडिश गावाजवळ रेल्वेमार्गासाठी असा सुरुंग लावण्याचं काम चालू होतं. 13 सप्टेंबर 1848 च्या दुपारी ठिणगी पडली आणि दारू मुकादमाच्या तोंडावरच उडाली. साडेतीन फुटांहून लांब, सहा किलोंची पहार त्याच्या डाव्या गालातून शिरली आणि टाळू फोडून पार निघून गेली.

पंचवीस वर्षांचा फिनिआस गेज मेला नाही. बैलगाडीत बसून तो मुक्कामी आला आणि खुर्चीवर टेकून डॉक्टरची वाट पाहू लागला. डॉक्टर आल्यावर म्हणाला, तुमच्यासाठी भरपूर काम आहे! जॉन हार्लो या तरुण डॉक्टरने त्याची जखम महिनाभराहून जास्त काळ सांभाळली. डावा डोळा गेला, जीव वाचला.

गेजची वाचा, चाल, स्मरणशक्ती शाबूत होती, म्हणून तो पूर्ण बरा झाला असंच नावाजलेले डॉक्टर सांगत राहिले. हार्लोने 1868 मध्ये वेगळं लिहिलं. पूर्वीचा धोरणी, कामसू मुकादम आता शिव्या द्यायचा, कुणाचं ऐकायचा नाही, एक बेत धरायचा आणि लगेच सोडायचा. हा आपला गेज नव्हे, असं मित्र म्हणत. स्वभावाचा मेंदूच्या पुढच्या भागाशी संबंध आहे, हे या नोंदीमुळे वैद्यकाला गांभीर्याने घ्यावं लागलं.

पुढे अमेरिकेत मेंदूतज्ज्ञ अँटोनियो दमासिओ यांनी अशाच एका रुग्णाची हकीकत लिहिली. गाठ काढताना त्याच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली होती. बुद्धी उत्तम, पण कागद तारखेनुसार लावावेत की आकारानुसार, याच विचारात त्याची अख्खी दुपार जाई. भीषण चित्रं दाखवली तरी मनात काही हलत नसे. भावना आटल्या की निर्णयही अडतो, हे दमासिओंना त्याच्यामुळे उमगलं.

गेजवर मात्र पाठ्यपुस्तकांनी अन्याय केला. तो कायमचा वाया गेला, दारुडा झाला, असं कितीतरी ठिकाणी छापलं गेलं. मानसशास्त्रज्ञ माल्कम मॅकमिलन यांनी मूळ कागद तपासले तेव्हा वेगळाच माणूस समोर आला. 1852 मध्ये तो चिलीला गेला आणि काही वर्षं प्रवाशांनी भरलेली घोडागाडी हाकत राहिला, कधी कधी सहा घोड्यांची. परका देश, परकी भाषा, डोंगराळ रस्ता, सहा लगाम एका वेळी हातात! लहरी, बेभरवशाच्या माणसाला हे जमलं नसतं. ठरलेल्या दिनक्रमाने त्याला पुष्कळ सावरलं असावं, असं मॅकमिलन मानतात, आणि ते पटतं.

1860 मध्ये, फेफऱ्याचे झटके येऊन, सॅन फ्रान्सिस्को भागात तो वारला. कवटी आणि पहार हार्वर्डच्या संग्रहालयात आहेत. 2009 मध्ये त्याचं एक जुनं छायाचित्र ओळखलं गेलं. ज्यांच्याकडे ते होतं, त्यांना तो हातात भाला घेतलेला देवमाशांचा शिकारी वाटत असे. अंगात नीटनेटका कोट, डावा डोळा मिटलेला, चेहरा देखणा, आणि दोन्ही हातांत घट्ट धरलेली तीच पहार.